सगळे रांगेत उठतात, मी बाकावर बसून राहते : नगरची मंडळी आणि वसईची मिस्सा

माहेर_नगर | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४०

नमस्कार. दोन वर्षं नुसती वाचनमात्र आहे, आज पहिल्यांदा धागा काढतेय. लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

मी नगरची. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय.) आमचं घर चार पिढ्यांचं ख्रिस्ती, प्रोटेस्टंट. पप्पा चर्चमध्ये पेटी वाजवतात, कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं त्यांना पुस्तक न उघडता येतात. गेल्या वर्षी मे महिन्यात माझं लग्न झालं ते वसईत, कॅथलिक घरात. ऑफिसात सगळे म्हणाले, "दोघं ख्रिश्चनच ना, मग अडचण कसली?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी माझी फजिती झाली. मिस्सेत, म्हणजे कॅथलिकांच्या रविवारच्या उपासनेत, प्रभूची प्रार्थना सुरू झाली. म्हटलं, चला, ही तरी आपली. आमच्याकडे ती मोठ्याने म्हणतात आणि शेवटी "कारण की राज्य, सामर्थ्य व गौरव ही सर्वकाळ तुझी आहेत" म्हणूनच आमेन होतो. इथे "वाइटापासून सोडव"पाशी सगळे थांबले, आणि अख्ख्या चर्चमध्ये माझा एकटीचा खणखणीत आवाज, "कारण की राज्य..." पुढच्या बाकावरची तीन डोकी वळली. मी गप्प. फादर मधे काहीतरी बोलले आणि मिनिटभराने तेच वाक्य सगळ्यांनी मिळून म्हटलं! तोपर्यंत माझी म्हणायची इच्छा मेली होती.

पण माझा मुद्दा तो नाही. मुद्दा ख्रिस्तप्रसादाचा, म्हणजे मिस्सेत फादरांच्या हातून घेतात त्या पवित्र भाकरीचा. सगळे रांगेत उठतात. सासूबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, "बाय, तू बस." स्वर अजिबात वाईट नव्हता. मी गुडघे तिरके करून त्यांना वाट दिली, मग नवऱ्याला, मग पलीकडच्या आजींना. येताना पुन्हा तेच. दीड वर्ष झालं, दर रविवारी मी गुडघे तिरके करते. आणि परवा बाहेर पायऱ्यांवर शेजारच्या एक बाई सासूबाईंना हळूच विचारत होत्या, "सून पापनिवेदनाला जात नाही का गं? एवढं काय झालं?"

(पापनिवेदन म्हणजे फादरांपुढे आपली पापं कबूल करणं.) म्हणजे ही जी बसून आहे तिच्या मनात काहीतरी पाप आहे, असा त्यांचा समज!

मला सातवा संपून आठवा लागलाय. पप्पांची इच्छा, बाळाचा बाप्तिस्मा नगरला आमच्या चर्चमध्ये व्हावा. सासरी तर हा प्रश्नच नाही, इथेच होणार. नवरा मधे बसून दोन्हीकडे "हो" म्हणतो. कुणाला असा अनुभव आहे का? भांडण नको आहे, माहिती हवी आहे.

---

वाडीतला | ९ नोव्हेंबर, रात्री ११:१५

पहिल्यांदा अभिनंदन. आणि त्या बाईंचं मनावर घेऊ नका. आमच्या वाडीत कुणी बाकावर बसून राहिलं की संध्याकाळच्या जेवणापर्यंत कारण शोधून होतं. मी एकदा मिस्सेला निघण्यापूर्वी चुकून वडा खाल्ला, ख्रिस्तप्रसादाआधीचा तासाभराचा उपास मोडला म्हणून बसून राहिलो, तर आईला दुसऱ्या दिवशी बाजारात विचारणा झाली.

---

सोपारकर_काकू | १० नोव्हेंबर, सकाळी ७:५०

मी हिंदू, पण या विषयात माझाही अनुभव आहे हो. शेजारच्यांबरोबर नाताळच्या रात्री चर्चमध्ये गेले होते. सगळे रांगेत निघाले तशी मीही निघाले. देवाच्या दारी प्रसाद मिळतोय, सोडायचा कसा? उजवा हात पुढे केला, खाली डावा धरला, अगदी तीर्थ घ्यावं तसा. फादरांना काय शंका आली देव जाणे, हळूच विचारलं, "कॅथलिक आहात का?" मी म्हटलं, "नाही, सोपाऱ्याच्या."

त्यांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. शेजारीण अजून हसते.

बाय, तुला एक विचारू? राग मानू नकोस. तुम्ही मंगळसूत्र घालता का? इथल्या काही जणी घालतात, काही नाही, म्हणून विचारलं.

---

माहेर_नगर | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

काकू, "नाही, सोपाऱ्याच्या" वाचून मी ऑफिसात डबा खाताना ठसकले.

मंगळसूत्र माझी आई घालते, काळ्या मण्यांचंच, खाली वाट्यांऐवजी छोटा क्रूस. टिकली मात्र आमच्या घरात कुणी लावत नाही. आजी म्हणायची, "कपाळ मोकळं ठेवायचं." का, ते तिनेही सांगितलं नाही. इथे सासूबाईंच्या आईच्या जुन्या फोटोत लाल लुगडं आणि अंगभर दागिने आहेत. पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला वाटलं, कुणा हिंदू नातेवाइकांचा असेल.

---

धर्मशिक्षिका | १० नोव्हेंबर, रात्री ९:०५

मी वीस वर्षं मुलांना धर्मशिक्षण देते. जेवढं ठाऊक आहे तेवढं सांगते, शेवटचं तुमच्या धर्मगुरूंना विचारा.

तुमचा बाप्तिस्मा कॅथलिक चर्च खरा मानतं. पाण्याने आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने झाला असेल तर तो पुन्हा करत नाहीत. उद्या तुम्ही कॅथलिक व्हायचं ठरवलंत तरी नाही. तेव्हा तुम्ही "बाहेरच्या" नाही. आमच्या समजुतीप्रमाणे ख्रिस्तप्रसाद घेणं म्हणजे या चर्चशी, तिच्या शिकवणीशी पूर्ण एक असल्याचं जाहीर करणं. ते एकत्व अजून झालेलं नाही म्हणून एरवी देत नाहीत. यात तुमच्या पाप-पुण्याचा हिशेब नाही. काही ठिकाणी असे लोक हात छातीवर घडी घालून रांगेत येतात आणि फादर फक्त आशीर्वाद देतात. तुमच्याकडे चालतं का, विचारून बघा.

बाळाचं. मिश्र विवाहाला परवानगी घेताना वचन कॅथलिक जोडीदार देतो. मुलांना कॅथलिक बाप्तिस्मा आणि शिक्षण मिळावं म्हणून आपल्याकडून होईल ते सगळं करीन, असं. तुम्ही ते वचन दिलेलं नाही. तुमच्या नवऱ्याने असं वचन दिलंय, याची तुम्हाला फक्त कल्पना दिली जाते. तेव्हा "सासरी प्रश्नच नाही" असं वाटतंय त्यामागे त्यांचा हट्ट नसेल, तुमच्या नवऱ्याची सही असेल.

---

माहेर_नगर | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

सही आठवते. त्या दिवशी हॉलचा ॲडव्हान्स द्यायचा होता, आम्ही दोघांनी भराभर कागद उरकले. त्याला आत्ता विचारलं, "तू काय वचन दिलं होतंस?" तो म्हणे, "बघावं लागेल." चर्च सोडा, मी याच्याशीच आधी भांडते.

---

आजा_गिरीजचा | ११ नोव्हेंबर, सकाळी ६:१०

माझं वय ७४. नातू टाईप करून देतोय, मी बोलतोय.

पोरी, तुला मिस्सा परकी वाटते, आम्हालाही ती एकेकाळी कळत नव्हती. मी दहा वर्षांचा असताना वेदीवर सेवा करायचो. सगळं लॅटिनमध्ये. फादरची पाठ आमच्याकडे, तोंड वेदीकडे. त्यांनी अमुक म्हटलं की मी तमुक म्हणायचं, अर्थ त्यांना ठाऊक. मागे बायका आपल्या जपमाळा ओढत बसलेल्या. घंटा वाजली की वर बघायचं, एवढंच त्यांना माहीत. मग रोमला दुसरी व्हॅटिकन परिषद झाली, १९६२ ते १९६५, आणि त्यानंतर मिस्सा मराठीत आली. आमच्या आजीला ते बिलकूल आवडलं नाही. म्हणाली, देवाशी असं बाजारातल्यासारखं बोलतात काय?

आता तुझ्या बाकाचं. आमच्या लहानपणी अर्धं चर्च बसून राहायचं! आजी वर्षातून चार-पाच वेळाच ख्रिस्तप्रसाद घ्यायची. त्याआधी पापनिवेदन, आणि तीन तास पोटात अन्न नाही. तासाभराचा उपास १९६४ पासूनचा. बसलेल्याकडे कुणी बघत नव्हतं. आता सगळेच उठतात म्हणून जो बसतो तो दिसतो.

नातू म्हणतो पुरे.

---

सरळ_बोलतो | ११ नोव्हेंबर, दुपारी ३:४४

गंमत आहे. नावं डिसोझा, परेरा आणि भाषा मराठी! पोर्तुगिजांनी बाटवलं, ते गेले, आता लुगडं-मंगळसूत्र कशाला हवं? एक काहीतरी धरा ना. आणि दोन ख्रिश्चनांचं आपसांत जमत नाही, तो धागा इथे कशाला?

---

वाडीतला | ११ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०२

चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला १७३९ साली. त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली. पोर्तुगीज गेले, आम्ही इथेच केळी लावत राहिलो. आमच्या घरी आजही कादोडी बोलतात, ती इथलीच बोली. फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं. मराठीत, ओवीबद्ध, जवळजवळ अकरा हजार ओव्या. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. तुम्हाला "एक काहीतरी" हवं असेल तर आमच्याकडे मिळणार नाही, सुकेळी हवी असतील तर सांगा.

---

शांतवन_पुणे | ११ नोव्हेंबर, रात्री १०:२५

सरळ_बोलतो यांना उत्तर दिलं गेलंय, मी वेगळं सांगतो. विषय थोडा सरकेल.

आमचं गाव नेवासे तालुक्यात. आजोबांचं नाव चर्चच्या वहीत "ख्रिस्ती", शाळेच्या दाखल्यावर "हिंदू महार". दोन्ही खरं. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती फक्त हिंदूंना ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना मिळाल्या. ख्रिस्ती दलितांना आजवर नाहीत. गावकुसाबाहेरचं घर तेच, विहीर तीच, पण रविवारी कुठे बसता यावर दाखला ठरतो. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढा म्हणून शिफारस केली होती, ती तशीच पडून आहे. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बाईचा अनुसूचित जातीच्या दाखल्याचा दावा फेटाळला. बाप्तिस्मा झालेला, चर्चमध्ये नियमित जाणं, मग हिंदू कशा, असा मुद्दा होता.

त्यामुळे आमच्या वडिलांच्या पिढीत कितीतरी घरं कागदावर एक आणि रविवारी एक अशी जगली. चर्चमध्ये नाव शांतवन, शाळेत सुनील. माझा चुलतभाऊ नाताळात चर्चच्या दारात उभा राहून कंदील लावतो पण आत फोटो काढू देत नाही. नोकरी जाईल म्हणतो. माहेर_नगर ताई, तुम्ही बाकावर बसलेल्या सगळ्यांना दिसता. आमच्याकडे आपण दिसलो, याचीच भीती.

---

कट्टेकरी | १२ नोव्हेंबर, सकाळी ९:१५

शांतवन, मुद्दा महत्त्वाचा आहे पण वेगळा धागा काढा ना. इथे विवाह-बाप्तिस्म्याचं चाललंय.

---

माहेर_नगर | १२ नोव्हेंबर, सकाळी १०:००

नको, इथेच राहू दे.

माझं लग्न ठरताना वसईहून आलेल्या मंडळींनी पहिला प्रश्न "प्रोटेस्टंट का?" असा विचारला नव्हता. चहा झाला, पोहे झाले, आणि मग नवऱ्याच्या मामांनी विचारलं, "मूळचे तुम्ही कोण?" पप्पा म्हणाले, "ख्रिस्ती." मामा म्हणाले, "हो, ते आहेच, पण मूळचे?" इथे वसईत सामवेदी निराळे, वाडवळ निराळे, कोळी निराळे. चर्च एक असलं तरी सोयरीक कुठे करायची ते आधीच ठरलेलं असतं. पप्पांनी कप खाली ठेवला आणि स्पष्ट सांगितलं. मामा लग्नाला आले नाहीत. सासरे आले, आणि पुढे उभे राहिले, हेही लिहायला हवं.

म्हणून मला अधूनमधून शंका येते, रांगेबद्दल मी एवढी का अडून बसलेय. त्या रांगेला निदान नियम आहे आणि तो कुणीतरी नीट समजावून सांगतं.

---

धर्मशिक्षिका | १२ नोव्हेंबर, रात्री ८:४०

मामांबद्दल मला काही म्हणता येत नाही. आमच्या वर्गात मी "सगळे एका शरीराचे अवयव" शिकवते आणि त्याच मुलांच्या घरी स्थळं कशी बघतात ते मला ठाऊक आहे.

एक राहिलं होतं. धर्मपिता-धर्ममाता कॅथलिकच लागतात, निदान एक तरी. पण बाप्तिस्मा झालेली दुसऱ्या चर्चची व्यक्ती त्यांच्याबरोबर साक्षीदार म्हणून उभी राहू शकते, तिचं नाव वहीत लागतं. तुमचा भाऊ किंवा बहीण असेल तर विचार करा.

---

माहेर_नगर | १६ नोव्हेंबर, रात्री ११:०५

थोडं घडलं ते लिहिते.

२ नोव्हेंबरचं आधी लिहायला हवं होतं. मृतांचा दिवस, यंदा रविवारीच आला. दफनभूमीत संध्याकाळी प्रत्येक थडग्यावर मेणबत्त्या, झेंडू, शेवंती. आमच्याकडे मृतांसाठी प्रार्थना करत नाहीत. गेलेला माणूस देवाच्या हाती, आपण त्यात बोलायचं नाही, असं मला शिकवलेलं. सासूबाई सासऱ्यांच्या आईच्या थडग्यापाशी बसून ओल्या फडक्याने दगड पुसत होत्या, अक्षरांच्या खाचेतली माती काडीने काढत होत्या. मी नुसती उभी. त्या म्हणाल्या, "प्रार्थना नको म्हणूस, मेणबत्ती तरी धर. वारा आहे." मी हाताचा आडोसा केला. अर्धा तास आम्ही तशाच होतो. त्यात मी माझं काही सोडलं असं मला वाटलं नाही.

आज मिस्सेनंतर फादरांना भेटले. छातीवर हात घेऊन रांगेत यायला त्यांनी लगेच हो म्हटलं. "तुम्ही आधी का नाही विचारलंत?" म्हणाले. आता याला काय सांगायचं?

मी मात्र अजून गेले नाही. आशीर्वाद नको असं नाही. नगरला महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं, पावाचे बारीक तुकडे आणि द्राक्षरसाचे अंगठ्याएवढे पेले ताटात फिरवतात, आपण जागेवर बसूनच घेतो. कुणी उठत नाही, कुणी कुणाला वाट देत नाही. ते सोडून हात बांधून रांगेत जायचं, हे अजून पायांना पटत नाही. सासूबाईंना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बस. त्या बाईला मी सांगितलंय."

काय सांगितलंय ते विचारलं नाही.

---

सोपारकर_काकू | १७ नोव्हेंबर, सकाळी ८:००

मलाही ऐकायचंय काय सांगितलं ते.

---

माहेर_नगर | २१ जानेवारी, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. मुलगी झाली, २ जानेवारीला. दोघी ठीक.

पप्पा इथे आले होते. रात्री जागून बाळाला मांडीवर घेऊन पदं म्हणत होते, अगदी हळू आवाजात. सासरे दारात उभे राहून ऐकत होते. सकाळी सासऱ्यांनी विचारलं, "हे तुमचे टिळक म्हणजे तेच का, लक्ष्मीबाईंचे?" पप्पा म्हणाले, "तेच. १८९५ साली बाप्तिस्मा घेतला त्यांनी. पण अभंग काही सोडला नाही." मग दोघं दोन तास बोलत बसले, आम्हाला चहाही आमचा आम्हीच करावा लागला.

बाप्तिस्मा इथेच ठरला, ८ फेब्रुवारीला, ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू व्हायच्या आत. माझा भाऊ साक्षीदार. पप्पांनी एकदाच विचारलं, "वहीत आपलं आडनाव कुठे येईल?" आईच्या रकान्यात आणि साक्षीदाराच्या, असं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, दुपारी घरी भजन ठेवूया, नगरहून आठ जण येतील.

फादरही येतो म्हणालेत. नवऱ्याचे मामा येतील का माहीत नाही, आमंत्रण दिलंय.

आता खरी अडचण. पप्पांची पेटी एसटीने आणायची तर भाता फाटेल म्हणून ते तयार नाहीत, आणि इथल्या गायनमंडळाकडे कीबोर्ड आहे, त्यावर पप्पांचा हात बसत नाही. वसई, नालासोपारा, विरार भागात कुणाकडे चांगली पेटी आहे का? एका दिवसासाठी. पप्पा काळी दोन पट्टीत गातात, आणि पेटी कपलर असलेली (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली पट्टीही वाजते तशी) हवी.

---

वाडीतला | २१ जानेवारी, रात्री १०:१०

अभिनंदन! पेटी नाही, पण आठ जणांच्या जेवणाला केळीची पानं माझ्याकडून.

---

सोपारकर_काकू | २२ जानेवारी, सकाळी ७:३०

आमच्या विठ्ठल मंदिराच्या भजनी मंडळाची आहे. कपलर आहे, खालचा एक सूर जरा चिकटतो, तो सोडून वाजवा म्हणावं. तबला हवाय का? तबलजी माझे दीर आहेत, पण त्यांना आधी जेवायला घालावं लागतं.